डोहावर थांबलेला दिवा

दातच होता तो. डोंग्याच्या तळाशी, शेवाळलेल्या फळीच्या फटीत, मुळाला रक्ताचा काळा धागा घेऊन रुतलेला. आसारामला प्रथम वाटले, माशाचा असावा. परंतु माशाचा दात असा चौकोनी नसतो, हे चाळीस वर्षे वैनगंगेत जाळे टाकणाऱ्या माणसाला कोणी सांगावयास नको होते. दात प्रितमचा होता. काल सायंकाळी आसारामने स्वतःच्या हाताने, वल्ह्याच्या पात्याने, सख्ख्या पुतण्याच्या जबड्यावर... तो आवाज अजून कानात होता—ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतावी तसा दबका—आणि त्यापाठोपाठ दुसऱ्यांदा वर गेलेला हात. पोरगा डोंग्यात आडवा पडला नसता, तर तो हातही खाली आलाच असता.

कारण काय, तर दिवा. पवनीच्या आसपास कोणी नदीत बुडाले की लोक आसारामकडे येत. पळसाच्या पानाच्या द्रोणात वात पेटवून तो प्रवाहात सोडी; वाहता वाहता द्रोण जेथे थांबे, स्वतःभोवती फिरू लागे, तेथे तो बुडी मारी, आणि प्रेत हाती लागे. बापाने हेच केले, आजाने हेच केले. नदी आपल्याशी बोलते, एवढ्या एका आधारावर तो माणूस म्हणून उभा होता.

काल शहापूरच्या एका इसमाचे प्रेत असेच काढून दिले. परतताना कॉलेजात विज्ञान शिकलेला प्रितम म्हणाला, "काकाजी, जिथं भोवरा तिथं दिवा थांबते, अन् जिथं भोवरा तिथंच मुडदा अडकते. याच्यात देव कुठं आला?"

"गंगा सांगते मले."

"मंग पुरावा द्या ना. मी पोत्यात रेती भरून डोहात टाकतो. तुमी दिवा सोडा, पोतं काढून दाखवा. निघालं तर जल्मभर तुमच्या पाया पडीन."

"पोतं काय मेलं हाये का? गंगा मेलेल्याचं सांगते."

"म्हणजे मीच बुडू का आता?" प्रितम हसला होता. आणि मग, हसणे ओसरण्याआधीच—"इश्वरदादाच्या वेळी तुमचा दिवा झोपून राहिला होता का?"

...तेव्हा ते वल्हे.

आसाराम अंगणात येऊन बसला. टोपलीत सकाळची मरळ तडफडत होती. त्याने तिचे डोके दगडावर दाबले आणि दांडका घातला. मरळ लवकर मरत नाही, म्हणून पुन्हा घातला, पुन्हा, पुन्हा, खवले गालावर उडाले, दगड लाल झाला, आणि हात मात्र थांबेना...

"मेली ते कवाचीच," दारातून त्याची बायको सखाबाई म्हणाली. "आता कोणाले मारून राहिले?"

आसारामने गालावरचे खवले पुसले. ती दारातच उभी राहिली. "पोराच्या तोंडात पेज जात नाही. दवाखान्यात विचारलं तर पडलो म्हणाला. तुमच्यासाठी खोटं बोलला तो," एवढे बोलून ती आत गेली.

कोणाले मारून राहिले... आठ वर्षे झाली. इश्वर, एकुलता एक मुलगा, बुडाला त्या दुपारी आसारामने दिवा सोडला होता. काठावर अख्खा मोहल्ला उभा. द्रोण वाहत गेला, वाहत गेला, आणि काळ्या खडकाच्या अलीकडे थांबला. स्वच्छ थांबला. फिरू लागला. हे फक्त डोंग्यातल्या आसारामने पाहिले. बुडी मारली तर पोरगा हाती येणार, मेलेला. न मारली तर तो अजून कोठेतरी, पलीकडच्या काठाला लागलेला, जिवंत... त्याने हाताने पाणी ढवळून द्रोण उलटा केला आणि काठावर ओरडून सांगितले, दिवा विझला. तिसऱ्या दिवशी इश्वर दोन कोस खाली आपणच वर आला. माशांनी ओठ खाल्ले होते. हेच मासे, आणि ते मारावयाचा हाच दगड.

हे त्याने सखाबाईलाही सांगितले नव्हते.

नदी खरे बोलते, तर बापाने पोराला तीन दिवस माशांच्या हवाली केले. नदी मुकी असेल, तर तो नुसता भोवरा होता, खाली पोरगा असेलच असे नव्हते, आणि बाप निर्दोष. म्हणजे काल प्रितम त्याला सोडवावयास आला होता! आणि त्याने सोडवणाऱ्याचेच तोंड फोडले...

प्रितम बाहेर आला. अर्धा चेहरा सुजून निळा झालेला. तो आसारामच्या शेजारी, थोडे अंतर ठेवून बसला.

"काकाजी," जबडा न हलवता तो म्हणाला, "मी दादाचं नाव घ्यायले नव्हतं पाहिजे. तुमचंच खरं असन. गंगा बोलत असन. मी आता पुरावा नाही मागत."

आसारामची मूठ दांडक्यावर आवळली. कालच्यापेक्षाही जोरात मारावे, या पोराचे हे दयाळू तोंड कायमचे बंद करावे, अशी एक लाट हातापर्यंत आली. प्रितमने ती पाहिली असावी. परंतु तो उठला नाही.

"नाही," आसाराम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "ते भोवऱ्याचं सांग. पुन्हा सांग. नीट सांग."

पोरगा गोंधळला. मग थांबत थांबत, शब्दागणिक वेदनेने डोळे मिटत, सांगू लागला—खडकामुळे प्रवाह कसा वळतो, पाणी खाली कसे ओढले जाते, हलकी वस्तू मध्यभागी का फिरते. आसाराम प्रत्येक शब्दाशी मान डोलावत होता. प्रत्येक शब्द खरा असावा, नदी मुकीच असावी, अशी आयुष्यात प्रथमच त्याने नदीकडे करुणा भाकली. आणि ती ऐकते आहे, हे त्याला स्पष्ट कळत होते.