सैल सोड, चंदा

मी चंदाच्या घोट्याची पट्टी बोलतेय. मातकट रंगाची, ताणली की लांब होणारी. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. कारखान्यात मशीनवर ताणून पाहिलं, तेव्हाच माझा अर्धा जीव गेला होता. डब्यात पडल्यावर वाटलं, सुटले.

कुठली सुटका! मानोऱ्याच्या औषधाच्या दुकानातून चंदाने मला घेतलं. ती जवळच्याच बंजारा तांड्यावरची, कॉलेजच्या कबड्डी संघातली. सरावात चढाई करून परतताना दोघींनी तिचा पाय धरला. अंग वळलं, पाऊल तिथंच राहिलं. घोटा टम्म सुजला होता.

"डॉक्टरले दाखवलं का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," ती धडधडीत खोटं बोलली.

तिच्या आईला, भुरीबाईला, कबड्डी आधीच खटकायची. पाय दिसला असता तर खेळ कायमचा बंद. त्यात तांड्यावर तीज सुरू झालेली. नऊ दिवस कुमारिका टोपल्यांत गहू उगवतात, त्यांना पाणी घालतात आणि भोवती फेर धरून नाचतात. चंदा एकटी बसून राहिली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून तिने मला घोट्याला गुंडाळलं, वरून घागरा सोडला आणि नाचायला गेली.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाय धरून ठेवणं हेच माझं काम. पण दुखणं वाढलं तसं तिने मला रोज जास्त आवळलं. "घट्ट बांधलं का सूज दबते," ती स्वतःशीच म्हणायची. अगं, दबत कसली, ती खाली बोटांत उतरत होती! झोपतानाही ती मला काढेना.

पाचव्या दिवशी बोटं निळसर पडली. खालचं पाऊल गार पडलेलं मला जाणवलं आणि मी अशी घाबरले की विचारू नका. रक्त माझ्यापाशी येऊन अडत होतं. मला स्वतःहून सुटता येत नाही, हो! सांभाळायला आले होते आणि मीच तिच्या पायाच्या मुळावर उठले होते.

त्या संध्याकाळी मुली टोपल्यांपाशी गात उभ्या असताना शेजारच्या म्हाताऱ्या हिरीबाईने पाण्याने भरलेली कळशी खाली ठेवली. ती नेमकी चंदाच्या बोटांवर टेकली. चंदा गातच राहिली.

"काहून वं, लागलं नाही का तुले?"

"काय?" चंदाने विचारलं.

हिरीबाईने घागरा वर केला आणि किंचाळली, "भुरे, इकडं ये! पोरीचा पाय काळा पडून राह्यला!"

भुरीबाई धावत आली. ती माझ्या टोकाचा आकडा ओढू लागली, पण तो निघेना. "कायले लपवलं मायापासून?"

"तू कबड्डी बंद केली असती, याडी."

"अन् पाय गेला असता त?"

वेढ्यामागून वेढा सुटला. "अंगठा हलव," भुरीबाई म्हणाली. अंगठा हलला नाही. गाणं थांबलं होतं. मी जमिनीवर पडून त्या अंगठ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने चंदा जिवाच्या आकांताने ओरडली, आणि भुरीबाईने तिला छातीशी धरलं. पाय दुखला होता. दुखला म्हणजे जिवंत होता.

मानोऱ्याच्या डॉक्टरांनी हाडाला चीर असल्याचं सांगितलं, प्लास्टर घातलं. टोपल्या पाण्यात सोडून तीज बोळवायला मुली निघाल्या, तेव्हा चंदा खाटेवरून बघत राहिली.

आता प्लास्टर निघालंय. चालताना काही दिवस सैल पट्टी बांधा, असं डॉक्टर म्हणाले. भुरीबाईने मला पेटीतून काढलं तेव्हा मी थरथरले. मला बांधणाऱ्यांनो, एवढंच ऐका: बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर लाजू नका, मला सोडा.

"खेळजो," भुरीबाई म्हणते, "पण पट्टी मीच बांधीन." ती मला गुंडाळते, माझ्याखाली दोन बोटं घालून बघते. मग चंदाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडते. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होईपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून बसतो.