बाहेरच्याला अजून कळलेलं नाही

सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सातवा महिना. एरवी हे कार्टं चहाचा पहिला घोट घेतला की लाथा झाडायचं.

सोनोग्राफीच्या खोलीत शिरताना तिनं नवऱ्याला बाहेरच थांबवलं. "तुझा चेहरा बघून मी आणखी घाबरेन." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिच्या क्वांटमची तो मनसोक्त टर उडवायचा: "आमची लिफ्ट एकतर चालू, नाहीतर बंद. तुझ्यासारखं अधलंमधलं काही नसतं, बाई!" आज मात्र तिची पर्स त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

टेक्निशियन बाईनं पोटावर गार जेल लावलं आणि प्रोब फिरवायला लागली. स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती.

क्वांटममधला असाच प्रसंग ती दर वर्षी वर्गात चवीनं शिकवायची. बंद खोलीत एका मैत्रिणीनं इलेक्ट्रॉनचं मोजमाप केलं, तिला उत्तर कळलं. दाराबाहेरच्याला नाही. मग त्याच्या लेखी दोन्ही शक्यता अजून शिल्लक आहेत का? नक्की कुणी पाहिलं म्हणजे निकाल लागतो? पोरं खिदळायची, "मॅडम, दार वाजवून विचारायचं की!" तीही हसायची.

टेक्निशियनचा हात एका जागी थांबला. त्या बाईला दिसलं होतं. आपण विचारलंच नाही तर? असा चोरटा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच चीड आली. बाळ म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे, हे तिला नाही तर कुणाला कळायचं?

"आवाज लावा," ती कशीबशी म्हणाली.

बटण फिरलं. स्पीकरमधून नुसती खरखर आली.

"ताई, डॉक्टरांना बोलावते हं."

आतल्या दारानं डॉक्टर आल्या. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ठोके नाहीत."

नंतर ती सँडलचा पट्टा लावत बसली. लावला, सोडला, पुन्हा लावला. बाहेर नवऱ्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. त्याचं बाळ अजून होतं. आणखी थोडा वेळ असू दे, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं.

"अगं, झालं का?" त्यानं बाहेरून विचारलं.