समुद्र न पाहिलेली होडी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक विचारतात, "हा आंघोळीचा टब इथं कोणी आणून टाकला?" त्यांचा फार दोष नाही. माझं नाक टोकदार नाही, चपटं आहे, आणि मोठा माणूस माझ्यात पाय पसरून जेमतेम मावेल. पण मी टब नाही. मी शिडाची एक म्हातारी होडी आहे. माझ्यासारख्या होड्यांत बसून जगभरची मुलं शर्यती लावतात. नियम एकच, वय पंधराच्या आत हवं. त्यानंतर मूल होडीतून उतरतं, ते कायमचंच. त्यामुळे माणसं मोठी होणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

माझा जन्म अंबरनाथचा. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत पाण्याच्या टाक्या बनवणारी एक शेड होती. शिरगावचे बबन सर एक दिवस तिथं साचा घेऊन आले. सर आगरी घरातले. त्यांचे आजोबा मिठागरावर राबले, सर नौदलात गेले, आणि निवृत्त झाल्यावर बदलापूरच्या डोंगरातल्या एका लहान धरणावर मुलांना शीड शिकवू लागले. टाक्यांच्या कारागिराने साचा उलटसुलट करून पाहिला.

"सर, टाकीला पाणी आतून लागतं, हिला बाहेरून. एवढाच फरक ना?"

"एवढाच," सर म्हणाले, "फक्त टाकी बुडाली तर कोणाचं पोर बुडत नाही."

त्या धाकाने त्याने फायबरचे थर जरा जास्तच चढवले. मी मजबूत झाले, पण जाडही झाले. पुढे शर्यतीचं माप घेणारा माणूस आला, त्याने पट्टी लावली आणि मान हलवली. मी मापात बसत नव्हते. म्हणजे शर्यतीत मला कधीच उतरता येणार नव्हतं. मी सरावाची होडी झाले. माझं शीड मात्र अस्सल होतं, अगदी मापाचं.

माझ्यावरचं पांघरूण उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये शिवलं गेलं. तिथं आमच्या धरणावर शीड शिकणाऱ्या जितेश नावाच्या मुलाच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. उरलेल्या निळ्या कापडाचं त्यांनी पांघरूण शिवून दिलं आणि सवयीनं त्याला मागचा खिसाही लावला. मुलं खूप हसली. पुढे कितीतरी वर्षं त्या खिशात चिंचा निघायच्या.

एका पावसाळ्यात उल्हास नदी चढली आणि मांजर्लीच्या इमारतींत पाणी शिरलं. सरांनी मला टेम्पोत घालून तिकडे नेलं. गल्ल्यांमधून, बुडालेल्या स्कूटरवरून मी फिरले. एक आजी माझ्यात बसेचनात. "हा टब मला न्यायला आणलाय होय रे? मी काय धुणं आहे?" असं म्हणत होत्या. शेवटी मांजरीला पदरात बांधून बसल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. आठवडाभर लोक मला बघायला येत होते. त्यानंतर कोणी आलं नाही. कौतुक असंच असतं, मित्रांनो. पूर ओसरतो तसं तेही ओसरतं.

मग चंद्री आली.

वांगणीच्या बाजूच्या डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथली ही मुलगी. आई जनी भातलावणीला आणि मोळी आणायला जायची. चंद्री पोहायची माशासारखी, पण बोलायची अगदी कमी. नव्या हलक्या होड्या दुसऱ्या मुलांना मिळाल्या आणि जड म्हणून मी तिच्या वाट्याला आले. तिने तक्रार केली नाही. माझ्या कडेवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "चल."

तिचं एक वैशिष्ट्य होतं. शर्यतीत, आमच्या सरावाच्या शर्यतीतसुद्धा, सुरुवातीची एक रेषा असते, दोन खुणांच्या मधली, पाण्यावर न दिसणारी. भोंगा वाजायच्या आधी ती ओलांडली की ते मूल त्या शर्यतीतून बाद. इतर मुलं घाईघाईने मागेपुढे करत. चंद्री मला रेषेला अगदी चिकटून आणायची, शीड सैल सोडायची आणि थांबायची. धरणाचं पाणी स्थिर, त्यामुळे आम्ही जिथं थांबू तिथंच राहायचो. भोंगा वाजला की ती शीड खेचायची आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे निघायचो. इतकी जड होडी, तरी पुढे! त्या थांबण्यातच माझं सगळं सुख होतं.

तिला पंधरा पुरी होणार त्याच वर्षी बातमी आली. मस्कतला मुलांची आंतरराष्ट्रीय शर्यत होती आणि आमच्या धरणावरची चार मुलं तिच्यासाठी निवडली गेली. चंद्री त्यांच्यात होती, जितेशही होता. सरांनी चंद्रीला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, पहिल्या निम्म्या मुलांत आलीस तर मुंबईच्या शिबिरात मोठ्या होडीवर जागा मिळेल. राहणं, शाळा सगळं तिथंच."

"आणि नाय आली तर?"

"तर वय संपलं. मग पाण्याला रामराम."

चंद्रीने एवढंच विचारलं आणि पांघरुणाची दोरी बांधायला लागली. मला मात्र दोन्हींचा अर्थ कळला होता. हरली तर तिचं पाणी सुटणार होतं. जिंकली तर ती मुंबईला जाणार होती. कसंही झालं तरी माझ्यात ती परत बसणार नव्हती.

परदेशात होड्या तिथल्याच मिळतात. मुलं फक्त आपापलं शीड नि सुकाणू नेतात. चंद्रीने माझं शीड काढलं, गुंडाळलं, लांब पिशवीत घातलं. माझं शीड समुद्र बघायला निघालं आणि मी धरणावरच्या शेडमध्ये उघडी राहिले.

शेडची देखरेख कुंदाताई करायच्या. त्यांच्या फोनला रेंज यायची ती फक्त मी ठेवलेली होते त्या कोपऱ्यात. म्हणून शर्यतीच्या दिवशी कुंदाताई आणि जनी माझ्याच कडेवर येऊन बसल्या. फोनवर निळं पाणी आणि त्यावर मुंग्यांसारखे ठिपके दिसत होते, एक ठिपका म्हणजे एक होडी.

"माजी पोर कंची गं यात?"

"तो लाल ठिपका. बघ, कशी रेषेला चिकटून थांबलीये! आता बघ तू."

"पर थांबलीय कुठं? ह्यो ठिपका तं सरकतोय."

खरंच सरकत होता. भोंगा वाजायच्या आधीच लाल ठिपका रेषेपलीकडे गेला. त्याच्यामागून आमचे उरलेले तीन ठिपकेही गेले. कुंदाताईंनी फोन झटकला, जणू त्यातच काही बिघडलं होतं. थोड्या वेळाने चारही नावांपुढे 'बाद' असं आलं.

संध्याकाळी जितेशचा फोन आला. तो जवळजवळ ओरडतच होता. "कुंदाताई, इधर का पाणी खुद चलता है यार! भरती चालू होती. आम्ही थांबलो, पण समुद्र थांबलाच नाही. सगळ्यांना उचलून पलीकडे टाकलं!"

"सरांनी सांगितलं नव्हतं का रे?"

"शंभर वेळा सांगितलं. पण हात वहीच करते हैं ना, जो रोज करते हैं."

मग चंद्री फोनवर आली. जनीने विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून आवाज आला, "आये, माजं चुकलं. मी उभीच व्हते." फोन बंद झाल्यावरही जनी अंधार पडेपर्यंत माझ्या कडेवर बसून राहिली. मला वाटलं, मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, की ती उभीच होती, याला मी साक्षी आहे. एवढी वर्षं ती माझ्याच जोरावर उभी राहत होती. माझ्या धरणाला भरती कुठली?

बाद झाली ती एकच शर्यत होती; स्पर्धा अजून काही दिवस चालणार होती, आणि पुढच्या शर्यती मी ठिपक्यांवरच पाहिल्या. दुसऱ्या दिवशी लाल ठिपका रेषेपासून लांब, सगळ्यांच्या मागे दिसला. "अगं बया, घाबरली पोरगी," कुंदाताई म्हणाल्या. पण ती घाबरली नव्हती. पाणी आपल्याला किती ढकलतंय ते ती मोजत होती. पाण्याबरोबर सरकत ती रेषेपाशी आली ती नेमकी भोंग्याच्या वेळी. थांबायचं सोडून ती वाहायला शिकली होती. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला ते येतच नव्हतं.

शेवटच्या दिवशी कुंदाताईंना यादी उघडता उघडेना. वरून खाली, खालून वर बोट फिरत होतं. आणि मग त्या किंचाळल्या, "जने! निम्म्यात आहे गं! अगदी कडेला, पण निम्म्यात!"

"म्हंजी मुंबईला ग्येली?"

"गेली!"

जनी हसली आणि तिने तोंडाला पदर लावला. दोघी शेडबाहेर धावल्या, सगळ्यांना सांगायला. मी कोपऱ्यात एकटी राहिले. मित्रांनो, इतका आनंद आणि इतकं रितेपण मला एकाच वेळी कधी जाणवलं नव्हतं.

शिबिराला जाण्याआधी चंद्री एकदा आली. माझ्यात बसली. गुडघे हनुवटीला लागले, तशी स्वतःशीच हसली. मग उतरली आणि माझ्या कडा दोन्ही हातांनी धरून तिने मला शेडबाहेर ओढून काठावर पालथं केलं, खाली दोन लाकडं सरकवली, वर पांघरूण बांधलं. आमच्याकडे होडी अशीच ठेवतात, म्हणजे आत पाणी साचत नाही आणि तळ कुजत नाही. तिने ते सगळं नीट, मायेनं केलं. पाठीवर एकदा थोपटलं आणि गेली.

तेव्हापासून मी पालथी आहे. सरांचे गुडघे दुखतात, ते आता धरणावर येत नाहीत. कुंदाताई मुलाकडे राहायला गेल्या. मला दिसते ती फक्त खालची माती आणि तिच्यावरून जाणारे मुंगळे. चंद्री आता मोठ्या होडीवर समुद्रात असते म्हणे. ते माझ्या पाठीवर बसून गप्पा मारणाऱ्या गुराख्यांकडून मला कळतं. ते मला बाक समजतात.

मित्रांनो, एखादी वस्तू नीट पालथी घालून, झाकून ठेवणं ही काळजीच आहे. चंद्रीने ती घेतली, तिच्यावर माझा राग नाही. पण काळजीचा तो अर्धा भाग झाला. पावसाळा सरला की कोणीतरी यावं लागतं, दोन हातांनी कडा धराव्या लागतात, आणि होडी पुन्हा सरळ करावी लागते. तुम्ही कधी या धरणावर आलात, तर निळ्या पांघरुणाखाली एकदा वाकून बघा. मी जड आहे, दोघे-तिघे असाल तर बरं. पण मी अजून फुटलेली नाही.