कुरडयांतला प्लग

अनंतराव खासनीस यांनी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले होते. परंतु जिंकलेल्या वादाचा कोणाला काही उपयोग झाल्याचे एखादे उदाहरण त्यांच्याकडे मागितले असते, तर ते त्यांना देता आले नसते. कारखान्याच्या गुणवत्ता विभागात त्यांची हयात जात आली होती. टर्बाइनच्या पात्यातली, डोळ्याला न दिसणारी चीर शोधून काढणे हे त्यांचे काम होते, आणि समोरच्याच्या बोलण्यातली तशीच चीर शोधणे हा त्यांचा विरंगुळा. पहिल्यासाठी त्यांना पगार मिळे. दुसऱ्यापायी पिपलानीच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळींनी त्यांच्याकडे चहाला येणे हळूहळू कमी केले होते.

त्या रविवारी सकाळी मात्र त्यांच्या अंगणात वादाला जागाच नव्हती. आदल्या संध्याकाळच्या वावटळीत आंब्याची एक जाडजूड फांदी खोडापाशी चिरफाळली होती आणि शेजारच्या आष्टीकरांच्या भिंतीवर रेलून राहिली होती. धड तुटलेली नाही, धड धरलेली नाही. टाउनशिपच्या उद्यान विभागाचे सुपरवायझर यादवजी आले आणि त्यांनी झाडाला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"खासनीस साहब, पूरा पेड़ जाएगा," ते म्हणाले. "किसी के सिर पर गिरा, तो जवाब मुझे देना है."

कमलिनीबाई कुरडयांचा साचा हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी यादवजींना आंब्याचे लोणचे दरसाल पोचत असल्याची आठवण अगदी हळू आवाजात करून दिली. यादवजी विरघळले, पण पुरते नाही.

"दूसरी शिफ्ट के सायरन तक डाली उतरवा लीजिए, भाभीजी. उतर गई, तो पेड़ सलामत. नहीं तो मेरे आदमी जड़ से काटेंगे."

तो आंबा कमलिनीबाईंनी लावलेला. क्वार्टर मिळाल्याच्या पहिल्या वर्षी रत्नागिरीहून आणलेल्या हापूसची कोय त्यांनी मातीत पुरली, तेव्हा कोयीतून हापूस होत नाही हे अनंतरावांनी त्यांना सप्रमाण सिद्ध करून दिले होते. सिद्धान्त खरा निघाला. झाडाला आलेली फळे इतकी आंबट की पोपटसुद्धा एक चोच मारून उडून जात. पण त्या आंबटपणाचे लोणचे बरखेड्यापासून साकेत नगरपर्यंतच्या मराठी घरांत पोचले, आणि दोन्ही मुले नोकरीसाठी दूर गेल्यावर कमलिनीबाई सकाळचा चहा त्या झाडाखाली खुर्ची टाकून घेऊ लागल्या. अनंतरावांनी या बदलावर कधी भाष्य केले नव्हते. ज्यावर त्यांनी भाष्य केले नाही अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती.

त्यांनी प्रथम हातकरवत लावली. ती फांदीत चार बोटे गेली आणि अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही येईना. अशोका गार्डनातल्या लाकूडकाप्याचे दुकान रविवारी बंद. उरता उरले वसंतराव मोहरील.

मोहरील मूळचे नागपूरचे, ट्रान्स्फॉर्मर विभागातले. निवृत्तीनंतर राहायला म्हणून त्यांनी मंडीदीपच्या पुढे थोडी जमीन घेतली होती आणि तिथल्या बाभळी तोडण्यासाठी एक जुनी चेन सॉ. अख्ख्या टाउनशिपमध्ये, उद्यान विभाग सोडला तर, तशी दुसरी मशीन नव्हती. अडचण एवढीच होती की मोहरील आणि खासनीस यांच्यात एक राणी उभी होती.

फार वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या कॅरमच्या अंतिम सामन्यात मोहरीलांनी राणी घेतली, लगेच पुढच्या फटक्यात सोंगटी घालून तिला कव्हर दिले आणि सामना जिंकला. अनंतरावांचे म्हणणे असे, की कव्हरच्या फटक्याला मोहरीलांचा स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकायला हवा असताना खालच्या रेषेला टेकलेलाच नव्हता. सबब फटका फाउल, कव्हर रद्द, राणी परत, आणि विजेता खासनीस. पंच होते शेजारचे गोविंदराव आष्टीकर, आणि त्यांना नेमके त्याच क्षणी शिंक आली होती. तेव्हापासून हे दोघे जिथे भेटत, तिथे पाचव्या वाक्याला राणी निघे आणि दहाव्या वाक्याला एक जण उठून जाई.

"मी बोलावते त्यांना," कमलिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त तोंड उघडू नका."

मोहरील आले. स्कूटरच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली चेन सॉ होती. "वहिनी, तुम्ही बोलावलं म्हणून आलो बरं का," त्यांनी फाटकातूनच खुलासा केला. "नाहीतर या घरात येऊन आपण कशाला डोकं पिकवून घ्यायचं जी!"

अनंतरावांनी तोंड उघडले नाही.

मोहरीलांनी मशीन जमिनीवर ठेवली, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. मशीन खुसफुसली. दुसरा हिसका, तिसरा, पाचवा. मग त्यांनी ती उचलून एका कुशीवर कलती केली, थोडी हलवली, कान लावून आतला आवाज ऐकला आणि पुन्हा ओढू लागले. वीस वर्षे आपल्या स्कूटरवर त्यांनी हाच उपचार केला होता. किंबहुना त्या पिढीतल्या सगळ्या टाउनशिपने रोज सकाळी पहिल्या शिफ्टआधी हाच उपचार केला होता, आणि सुरू न होणाऱ्या कोणत्याही इंजिनाला कुशीवर झोपवले की ते शुद्धीवर येते, अशी सर्वांची श्रद्धा बसली होती.

अंगणात पेट्रोलचा दर्प पसरला. अनंतरावांनी आणखी तीन हिसके सहन केले.

"मोहरील, पेट्रोल जास्त झालंय. प्लग ओला झाला असणार."

"जास्त कसं होईल? सुरू होत नाही, म्हणजे पोचतच नाही."

"प्लग काढून बघा ना."

मोहरीलांनी स्कूटरच्या डिकीतून पाना आणून प्लग काढला. त्याच्या टोकावरून पेट्रोलचा थेंब टपकला.

"हे पाहा!" अनंतराव म्हणाले.

"हे पाहा!" मोहरीलही म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात अधिक आनंद होता. "म्हणजे पोचायला लागलं! आता घेईल." त्यांनी प्लग परत बसवला, चोक ओढला, मशीन कुशीवर कलती केली.

अनंतरावांना ज्या प्रकारच्या सुखाची जन्मभर सवय होती, ते सुख त्या क्षणी त्यांच्या पुढ्यात वाढलेले होते: आपली बाजू निर्विवाद खरी, समोरच्याची निर्विवाद खोटी आणि पुरावा थेंबाथेंबाने गळतो आहे. त्यांनी मुद्दे मांडायला सुरुवात केली. चोक कशासाठी असतो. तो इंजिन गार असताना किती वेळ लावावा. प्लग ओला झाला म्हणजे ठिणगीचे काय होते. प्रत्येक मुद्द्यासरशी मोहरीलांचा चेहरा अधिक लाल होई आणि दोरीचा हिसका अधिक जोराचा. वाद जसजसा जिंकला जात होता, तसतसे सिलिंडरमधले पेट्रोल वाढत होते.

शेवटी मोहरील उभे राहिले. सदरा पाठीला चिकटला होता.

"मशीन माझी आहे का तुमची?"

"मशीन तुमची आहे, नियम तुमचे नाहीत."

"मग तुमच्या नियमानंच कापा फांदी! करा उभं भाषण झाडापुढं, गळून पडेल बिचारी." त्यांनी गोणपाट झटकले. "चाललो मी, वहिनी."

कमलिनीबाई बाजेवर कुरडया घालत होत्या. त्यांनी अनंतरावांकडे पाहिले नाही. त्यांनी झाडाकडे पाहिले आणि पुन्हा साचा दाबू लागल्या. पात्यांतल्या चिरा शोधणाऱ्या अनंतरावांना चीर ओळखता येत होती. साच्याखालची कुरडई मध्येच तुटली होती.

त्या मशीनला आता कोणाच्याही अकलेची गरज नव्हती. तिला हवा होता फक्त थोडा वेळ: प्लग बाहेर, ऊन आत, आणि मोहरीलांचा हात दूर. परंतु मोहरीलांना मशीनपासून दूर न्यायचे, तेही त्यांनी मशीन घरी न नेता, तर त्यांना मशीनहून प्रिय असे काही दाखवणे भाग होते. तसे काही जगात एकच होते.

"मोहरील," अनंतराव म्हणाले, "त्या राणीचं काय ते आज एकदा मिटवून टाकू."

मोहरील गोणपाटासह जागच्या जागी थांबले. "आत्ता?"

"आत्ता. बोर्ड आत आहे, पंच भिंतीपलीकडे आहेत. सोंगट्या तेव्हासारख्या मांडा आणि तो फटका मला मारून दाखवा. तोवर प्लग उन्हात पडू द्या. नाहीतरी तुमचे हात दुखले असतील."

"हात माझे दुखत नाहीत," मोहरील म्हणाले. पण प्लग त्यांनी काढून दिला.

कमलिनीबाईंनी तो दोन बोटांत धरून, कुरडयांच्या बाजेच्या एका कोपऱ्यात, कागदावर ठेवला. "कुरडयांना वास लागला, तर तळून तुम्हा दोघांनाच वाढीन."

गोविंदराव आष्टीकर भिंतीवरून हाक येताच हजर झाले. त्या शिंकेचे ओझे त्यांच्यावरही होते. बोर्डावर बोरिक पावडर पडली, आणि अनंतरावांच्या जन्मभराच्या अभ्यासाला प्रथमच काहीतरी काम मिळाले. वाद जिंकायचा नव्हता, पण तो लवकर हरायचाही नव्हता. त्यांनी प्रत्येक सोंगटीच्या जागेवर हरकत घेतली. पांढरी इथे नव्हती, बोटभर अलीकडे होती. काळी कोपऱ्याला चिकटलेली होती की नुसती जवळ? मोहरील शपथा घेत होते, आष्टीकर आठवत होते, आणि अनंतराव मधूनमधून खिडकीबाहेर नजर टाकून उन्हाचा अंदाज घेत होते. एकदा तर सामन्याच्या दिवशी मंडपातला दिवा डावीकडे होता की उजवीकडे, यावर त्यांनी इतका घोळ घातला की आष्टीकरांनी हात जोडले.

"खासनीस, दिव्याचा काय संबंध?"

"सावली, गोविंदराव! सावलीचा संबंध!"

अखेर हरकती संपल्या. मोहरीलांनी स्ट्रायकर ठेवला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि टिचकी मारली. सोंगटी कड घासून भोकात पडली.

"बघा! असाच! अगदी असाच होता!"

"पुन्हा एकदा ठेवून दाखवा," अनंतराव म्हणाले. वेळ काढण्यासाठीच म्हणाले. मोहरीलांनी विजयाच्या भरात स्ट्रायकर पुन्हा तिथेच ठेवला.

आणि अनंतरावांना दिसले. स्ट्रायकर वरच्या रेषेला टेकला होता. खालची रेषा मात्र त्याच्यापासून सुटी, पिवळ्या लाकडावर एकटी पडली होती. फटका बसावा म्हणून मोहरीलांच्या बोटांनी आपोआप तेवढे अंतर सोडले होते, आज जसे सोडले तसेच तेव्हाही. इतक्या वर्षांचा पुरावा, प्रतिपक्षाच्या हाताने, पंचासमोर, भर दिवसा. आष्टीकर खाली वाकले. त्यांनाही दिसले. त्यांनी हळूच वर पाहिले.

अनंतरावांच्या घशाशी शब्द आले. ते दोनच शब्द होते, आणि त्यांनी ते कितीतरी रात्री मनातल्या मनात घोटून ठेवले होते. खिडकीतून ती फांदी दिसत होती. तिच्याखाली कमलिनीबाईंची रिकामी खुर्ची. त्या स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातातला साचा तसाच.

"टेकलाय," अनंतराव म्हणाले.

"काय?" मोहरील म्हणाले.

"टेकलाय, मोहरील. स्पष्ट टेकलाय. राणी तुमची होती."

आष्टीकरांना ठसका लागला. एवढी वर्षे दार ढकलत असलेल्या माणसाला ते अचानक आतून उघडावे, तसे मोहरीलांचे झाले. "म्हणजे… मी म्हणतच होतो," ते म्हणाले, आणि मग मोठ्याने हसले. "माणूस आहात, खासनीस! चला, चला, ती फांदी पाहू. आज तुम्हीच ओढा दोरी. मान तुमचा."

बाहेर मशीन तापून कोरडी झाली होती. अनंतरावांनी आधी प्लगशिवायच दोरी ओढून आत उरलेसुरले पेट्रोल बाहेर उडवले, मग कुरडयांतून प्लग उचलून पुसला, बसवला, चोक बंद ठेवला, एक्सिलरेटर दाबला. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला ती खोकली. तिसऱ्याला निळा धूर सोडून अशी काही गर्जली की आष्टीकर भिंतीवरून आपल्या अंगणात उतरले.

फांदी मोहरीलांनीच कापली, आणि असली कामे त्यांना खरोखर येत होती: आधी खालून थोडे, मग वरून, भिंतीची वीट न हलवता. शेवटचा तुकडा पडला, आणि बाकीच्या झाडाने जरा अंग सैल केल्यासारखे वाटले. सायरन वाजला तेव्हा यादवजी फाटकात उभे होते. त्यांनी खोडावरच्या जखमेला हात लावून पाहिले, मान डोलावली आणि लोणच्याची बरणी घेऊन गेले.

मोहरील मशीन गोणपाटात गुंडाळत म्हणाले, "पाहिलं ना? कलती केली म्हणूनच शेवटी घेतलं तिनं."

अनंतरावांनी श्वास आत घेतला. कमलिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तो श्वास तसाच बाहेर सोडला. "असेल," ते म्हणाले.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला. उद्या कॅन्टीनमध्ये, ट्रान्स्फॉर्मर विभागापासून थेट गेटपर्यंत, खासनीस हरल्याची बातमी पोचणार होती, आणि ती खोडून काढण्याचा हक्क त्यांना उरला नव्हता. ते झाडाखाली येऊन उभे राहिले. कमलिनीबाईंनी दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि दोन कप चहा आणला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी दारातून पाहत होते. नव्हता टेकलेला."

अनंतरावांनी कप खाली ठेवला. "दिसलं तुला?"

"दिसलं की. केसभर अंतर होतं."

"केसभर?" अनंतराव खुर्चीत ताठ बसले. "केसभर काय म्हणतेस! चांगलं एक सूत होतं. मोजून दाखवतो. बोर्ड अजून तसाच आहे."

"केसभर," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.