पॉइंटला सव्वाशे

गल्लीत त्यांना सगळे फुगेकाकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू, पाठ वळली की फुगे. काकूंच्या घरात उंदीर निघाला तर गल्लीच्या टोकाला पोचेस्तोवर त्याचा बोका व्हायचा. लोक पोट धरून हसायचे, काकूंची कळी खुलायची, आणि कुणाचं काही वाकडं होत नव्हतं.

पैशाच्या बाबतीत मात्र फुगा उलटा. काकूंनी काहीही विकत घेतलं, की सांगताना ते निम्म्याला पडायचं.

तर झालं असं, की काकूंच्या घरची वायरिंग जुनी झाली होती. बटण दाबलं की मुंग्या यायच्या. गल्लीतल्या वायरमनने सगळं घर नव्याने करून दिलं. भिंती फोडल्या, पाइप टाकले, अर्थिंग केलं, शिवाय जाताना झाडूही मारला. रेट पॉइंटला अडीचशे. म्हणजे दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, असा हिशोब. काकूंनी घासाघीस करून करून जीव काढला त्याचा, पण गडी एका पैशाने उतरला नाही. "काकू, ह्याच्या खाली वायर हलकी घालावी लागेल," म्हणाला. काका आतून म्हणाले, "देऊन टाक गं." काकूंनी दिले, पण ते मनात असं सललं म्हणता!

दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बायकांनी विचारलं, "केवढ्याला पडलं हो, काकू?"

"पॉइंटला सव्वाशे," काकू म्हणाल्या. "अडीचशे म्हणत होता मेला. मी म्हटलं, पायरी उतर. उतरला. कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथून मागे आला, घाम पुसत!"

काका दारातून सगळं ऐकत होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग काय, सव्वाशे गेलं गल्लीभर. कुणी वायरमनला फोन करून काम थांबवलं, कुणी बोलावणं रद्द केलं. काकूंना त्याचा पत्ताच नाही. पत्ता लागला तो बेकरीत. काकू पाव आणायला गेल्या, तर बेकरीवाली वहिनी कमरेवर हात ठेवून उभी, आणि समोर वायरमन, खांद्यावर वायरची बंडलं. बेकरीवर नवा मजला चढत होता आणि तिथल्या वायरिंगचं सगळं काम ह्याला दिलं होतं. माल त्याने स्वतःच्या खिशातून भरला होता.

"काकूंना सव्वाशे आणि मला अडीचशे? मी काय तुला खुळी वाटले? चोर आहेस तू, चोर!"

"वहिनी, काकूंनाही अडीचशेच लावले."

"म्हणजे काकू खोटं बोलतात?"

"ह्या बघा आल्याच. विचारा त्यांनाच."

सगळं दुकान काकूंकडे वळलं. काकूंच्या जिभेवर एरवी हत्ती नाचायचे. आज त्यांनी नजर पावांच्या ट्रेकडे वळवली.

"मला नाही बाई आठवत," काकू म्हणाल्या. "पैशाचं सगळं हेच बघतात."

वायरमनने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. काकू पाव घेऊन जवळजवळ पळाल्याच.

घरी आल्या, स्वयंपाकघराचं बटण दाबलं. दिवा लख्ख लागला. मुंग्या नाहीत, काही नाही. काका म्हणाले, "चेहरा का उतरलाय?"

"अहो, मी त्याला चोर ठरवून आले."

काकांनी नुसती काकूंच्या हातातली पावाची पिशवी घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

काकू तशाच चपला घालून उलट्या पावली बेकरीत. वायरमन गेला होता. बायका होत्याच.

"वहिनी, अडीचशेच दिलेत मी."

पिकला की हशा! "अगंबाई! काकूंना वायरमनची दया आली!" "काकू, उद्या सांगाल पाचशे दिले!" वहिनीने तर डोळे पुसले हसून हसून. "पण तो कोपऱ्यावरून घाम पुसत आला ना, काकू?"

"नाही आला," काकू म्हणाल्या. "तो... उतरलाच नाही. मीच देऊन टाकले. आणि मग... माझंच मला... तुमच्यापुढे कसं सांगू, म्हणून मी..."

पुढचा शब्द सापडेना. हशा हळूहळू विरला. थाप मारताना काकू आजवर कधी अडखळल्या नव्हत्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"अरे देवा," वहिनी म्हणाली, आणि तिने फोन उचलला.

वायरमन आला, पण आत पाऊल ठेवेना. बंडलं खाली ठेवून उंबऱ्यावरच थांबला.

"ये बाबा, लाग कामाला. अडीचशे तर अडीचशे."

"कामाचं मग बघू. भरल्या दुकानात चोर म्हणालात."

"अरे, ह्यांच्यामुळे..."

"ह्यांचं ह्या बघतील. तुम्ही बोललात ते तुम्ही मागे घ्या."

"बरं बाबा, घेतलं," वहिनी पुटपुटली.

"मघाशी कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

वहिनी लाल झाली. पण बोलली, मोठ्याने. "चोर नाहीयेस तू. चुकले मी!" रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

मग काकू पुढे झाल्या. "आणि मी रे? मला काय बोलायचंय ते बोल."

"सव्वाशेचं मी हसून सोडून दिलं असतं, काकू. तुमचं बोलणं कुणाला माहीत नाही? पण तोंडावर विचारलं, तेव्हा आठवत नाही म्हणालात." त्याने बंडलं खांद्यावर घेतली. "ते लागलं."

"चुकले रे बाबा," काकू म्हणाल्या. त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते काही कळलं नाही. जिना चढून वर गेला.

थोड्या वेळात वर छिन्नी वाजायला लागली. जिन्यातून धूळ खाली उतरली, थेट पावांच्या ट्रेवर. वहिनी चादर घेऊन धावली. "धरा, धरा ते टोक कुणीतरी!"

काकूंनी टोक धरलं. वरचे घाव चालू होते तोवर उभ्या राहिल्या. बायका आपसात बोलत होत्या, काकूंना मात्र कुणी काही विचारलं नाही.