चिंधू नावाचा बिल्ला

मी एक पितळी बिल्ला. अंगावर एकच नाव ठोकलेलं, चिंधू. हे नाव खोटं म्हणून मालकासकट मलाही ठाण्यात नेणार होते, काय समजलात!

भिलाईत कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, तेव्हा ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. हातोडीचा मार खाल्ला आणि भंडाऱ्याकडून आलेल्या एका काटक गड्याच्या सदऱ्यावर जाऊन बसलो. केवढा रुबाब होता माझा! गेटवरचा शिपाई आधी मला बघायचा, मग माणसाला. चिंधू चिंच लावून मला घासायचा. नोकरी पक्की झाली की क्वार्टर मिळेल, मग बायकोला आणि आईला आणू, हे एकच त्याच्या मनात.

पक्कं करायची वेळ आली आणि गावाहून वयाचा दाखला आला. त्यावर नाव देवाजी! परप्रांतातून दुसऱ्याच्या कागदांवर माणसं घुसतात, अशी तेव्हा ओरडच होती. झालं, चिंधूची चौकशी लागली.

चौकशीचे साहेब भैय्याजी, नागपूरकडचे, कायदा शिकलेले. ते म्हणाले, "दोन्हींतलं एक नाव चोरीचं आहे. नोकरी जाईल, वर खटला होईल."

"दोनी मीच हाओ, साहेब. मायले इचारा."

त्याची आई मनकर्णाबाई गावाहून आली.

"याच्या आधीचे दोन पोरं गेले, साहेब. बाराव्या दिवशी याचं खरं नाव ठेवलं, अन् याले ताप भरला. मंग शेजारणीच्या ओटीत टाकलं, चिंधी देऊन वापस घेतलं. तवापासून चिंधूच म्हणून राहिलो आमी."

"पण खोटं नाव कोणाला फसवायला?"

"यमाले."

भैय्याजींनी चष्मा काढून पुसला. "फसवणुकीच्या गुन्ह्याला लबाडीचा हेतू लागतो, आई. यानं कोणाची जागा घेतली नाही, कोणाला लुबाडलं नाही. यमाची तक्रार अजून आलेली नाही. पण दाखल्यावरचा माणूस हाच, हे तुम्हाला नाव घेऊन सांगावं लागेल."

बाईचं तोंड उतरलं. ते नाव तिनं बारशानंतर कधी उच्चारलंच नव्हतं. ती उठली, लेकाचे दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकले आणि पुटपुटली, "हा माहा देवाजी." आणि लगेच खिडकीकडे तोंड करून ओरडली, "चाल रे चिंध्या, मुडद्या, घरी!"

मला तर रडूच फुटलं असतं, पितळेला ते जमत नाही म्हणून.

कागदावर देवाजी ऊर्फ चिंधू झालं, नोकरी पक्की झाली. नवा बिल्ला निघणार होता, पण मनकर्णाबाईनं मला मुठीत धरून ठेवलं. साहेबांनी हट्ट सोडला. आता ती लेकासुनेजवळच क्वार्टरमध्ये राहते, आणि मी सुखानं त्याच्या छातीवर असतो.

एकच विनंती. खरं नाव तुम्हाला कळलं खरं, पण ते तुमच्यापाशीच ठेवा. हाक मारायची तर खुशाल मोठ्यानं चिंधू म्हणा. तिच्या पोटचा हा एकच वाचलाय.