आठ वाजताचा आकडा

प्रेमाच्या मुलाने, सिद्धेशने, कॅनडात घर घेतलं आणि त्याला नवीनच खूळ लागलं: रेडॉन. म्हणजे जमिनीतून, खडकातून वर येणारा वायू. ना रंग, ना वास, पण कोंडलेल्या घरात साठला आणि वर्षानुवर्षं छातीत गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर. आईची चाळीतली खोली घाटकोपरच्या टेकडीला पाठ लावून बसलेली, मागच्या भिंतीला हातभर भेग. त्याने लगेच मित्राबरोबर मोजायचं यंत्र धाडलं, साबणाच्या डबीएवढं.

"आई, दार-खिडक्या बंद ठेव आणि रोज आठ वाजता मला आकडा सांग. शंभराच्या आत असला तर काळजी नाही. दोनशेच्या वर गेला तर काहीतरी करावं लागेल."

पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. आता महिन्यातून एकदा, तोही घाईघाईत फोन करणारा पोरगा रोज आठच्या ठोक्याला फोन करू लागला, हे काय कमी झालं? आकडा झाला की जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "सत्तरच्या घरातच आहे की. उद्याचा बघू आणि थांबू." म्हणजे परवापासून फोन बंद!

खोटं बोलायचं नाही, हा बाईचा बाणा. पण खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे! तिने बोळे कोंबले, दाराखाली गोधडी सारली, यंत्र उचलून भेगेपाशी ठेवलं आणि घाम पुसत बसून राहिली.

चाळीत दिवसा दार लावलं की समजायचं, घरच्यांना माणसं नको आहेत. शेजारची मंजुळा रोज दुपारी चहाला यायची, ती दोनदा बंद दारावरून परत गेली. प्रेमाने आतून तिच्या चपलांचा आवाज ऐकला, पण कडी काढली नाही.

एकशे चाळीस. एकशे नव्वद. दोनशे तीस. सिद्धेश घाबरला. "मी येऊन जाऊ का गं?"

प्रेमाने आंबोळ्यांसाठी तांदूळ निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी खुशीत. "यायची गरजच नाही, आई. इथल्या रेडॉनच्या जाणकाराला विचारलं. भेग बुजवायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या, बस." त्याने तिकडूनच भीमराज गवंड्याला फोन लावला. तासाभरात भेग बुजली, बोळे निघाले.

तीन दिवसांनी आकडा आला एकतीस. सांगू नये असं तिला फार वाटलं. तरी सांगितला.

"झकास! सुटलो बाबा," सिद्धेश म्हणाला. "आता ठेवून दे ते कपाटात."

दुसऱ्या दिवशी आठला प्रेमा चष्मा लावून यंत्रासमोर बसली. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. दार सताड उघडं होतं. मंजुळा जाता जाता थबकली.

"उघडलंस होय दार? माझं काय चुकलं होतं गो?"

"एकतीस," प्रेमा म्हणाली.

"काय एकतीस?"

"घरातली हवा चांगली झाली गं. आता तो फोन नाही करणार."